बांधावरची मगर

एका चिमुकल्या किनारी मुलखात एक पाणकोंबडी राहत असे. मुलूख इतका चिंचोळा, की एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे जेमतेम नद्यांना वाहायला जागा. त्या नद्यांनाही लांबचा प्रवास कधी घडत नसे. डोंगरातून उतरायच्या, वाटेत चार तळी भरायच्या, शेतांतून वळणे घ्यायच्या आणि खाडी होऊन समुद्राला मिळायच्या. पाणकोंबडीचे तळे अशाच एका वाटेवर होते. डोंगरातला ओहोळ आधी वरचे तळे भरी आणि ते ओसंडले की पाणी खालच्या तळ्यात येई. खालच्या तळ्याच्या कडेने मातीचा उंच बांध होता. बांधाच्या अलीकडे गोडे पाणी आणि पलीकडे खाडीचे खारे. पाणकोंबडी अलीकडच्या बाजूला, लव्हाळ्याच्या दाटीत राहायची.

आता मुलांनो, हे खालचे तळे काही बारमाही नव्हते. थंडी सरत आली की माणसे बांधातले लाकडी दार उघडत आणि तळ्यातले पाणी ओहोटीबरोबर खाडीत सोडून देत. तळ्याच्या तळाशी जो सुपीक गाळ उरे, त्यात त्यांना भात लावायचे असे. माणसांची शेती व्हायची, पण तळ्यातल्या प्राण्यांवर बिऱ्हाड हलवायची पाळी यायची. वरचे तळे माणसांच्या पिण्याचे होते, ते कधी कुणी रिकामे करत नसे. म्हणून सगळे तिकडे निघत. ज्यांना पंख होते ते भुर्रकन उडून जात. ज्यांना नव्हते त्यांना ओहोळाचा उभा कडा चढता येत नसे, म्हणून वळसा घेऊन खाडीचा एक फाटा ओलांडावा लागे, आणि त्या फाट्यात मगर होती.

मगर एकच होती, पण एक पुरे होती. दुसऱ्या मगरीला ती त्या पाण्यात नाकसुद्धा घालू देत नसे. ऊन खायला बांधावर येऊन पडे, ती पडली की ढिम्म हालत नसे. एरवी पाण्यात असे. फाटा ओलांडायच्या वाटाही दोनच होत्या. एक बांधाच्या माथ्यावरून, कोरडी. दुसरी बांधाच्या पायथ्याशी, पाण्यातून. तेव्हा तळ्यातल्या जाणत्यांनी एक रीत घालून दिली होती. मगर बांधावर दिसली तर पाण्यातून जायचे. बांधावर दिसली नाही तर ती पाण्यात आहे असे समजायचे आणि बांधावरून जायचे. पलीकडे पोचलेल्याने तिकडून हाक मारायची, म्हणजे मागच्यांच्या जिवात जीव येई. रीत सोपी होती आणि आजवर तिने कुणालाच दगा दिला नव्हता.

आपली पाणकोंबडी भारी भित्री. पाण्यात एखाद्या मासोळीने उडी मारली तरी तिच्या काळजात धस्स व्हायचे. पण तिच्या भिण्याची तऱ्हा जरा वेगळी होती. इतर प्राणी भ्याले की डोळे मिटून घेत. ही भ्याली की मान ताणून, टक लावून बघत बसे. भीती वाटते त्या जागेवरून तिची नजरच हटत नसे. तळ्याचा पहारेकरी होता बगळा. तो या खोडीवरून तिची यथेच्छ थट्टा करी. "काय पाणकोंबडीबाई," तो म्हणे, "त्या मासोळीनं तुम्हाला गिळलं तर नाही ना?" सगळे खो खो हसत. पाणकोंबडी ओशाळून पिल्लांकडे वळे.

त्या वर्षी पिल्ले उशिरा निघाली होती. काळ्या कापसाच्या बोंडांसारखी दिसायची आणि आईच्या मागे मागे रांगेत पोहायची. पंखांच्या जागी नुसते कोंब होते. म्हणजे पाणी सुटले तर त्यांना उडून जाणे शक्य नव्हते. आई एकटी उडाली असती, पण पिल्ले टाकून कोणती आई उडेल? लव्हाळ्याच्या बुडाशी पाणी किती आहे हे ती सकाळ-संध्याकाळ बघून यायची.

पावसाळ्यात त्या बांधाला मोठे भगदाड पडले होते आणि माणसांनी राबून तो नव्याने बांधला होता. पौषातल्या अमावास्येला माणसांचा मोठा घोळका टोपल्या घेऊन बांधावर आला. सगळा दिवस त्यांची तिथे काहीतरी खटपट चालली होती. घंटा वाजली, धूर झाला, गलका झाला. माणसे दिसली की दडी मारायची, हे तळ्यातल्या सगळ्यांना आईच्या पोटातूनच ठाऊक असते. त्यामुळे कुणी डोके वर काढले नाही. दिवस कलला, माणसे निघून गेली. जाताना त्यांनी लाकडी दार उघडले आणि तळ्याचे पाणी खळखळत खाडीकडे निघाले.

सकाळी बगळा पहाऱ्यावर उभा राहिला, त्याने बांधाकडे पाहिले आणि त्याची बोबडी वळली. "म... मगर! बांधावर मगर!"

लव्हाळ्यातून डोकी वर आली. बांधाच्या नेमक्या मध्यावर मगर आडवी पडली होती. तोंड या उतारावर, शेपटीचा वेढा त्या उतारावर, मधून जायला तसूभर जागा नाही. पूर्वी कधी दिसली नव्हती एवढी ती मोठी दिसत होती. पाठीवरचे खवले उन्हात पांढरे चमकत होते आणि जबडा सताड उघडा होता. सगळ्यांनी एकदाच पाहिले आणि डोकी खाली घेतली. "अगं बाई, केवढी फोफावलीय!" घूस म्हणाली आणि पिल्लांना पोटाशी ओढू लागली.

तेव्हा कासवआजोबा पुढे आले. तळ्यात त्यांच्या शब्दाला मान होता आणि तो त्यांनाही ठाऊक होता. "घाबरताय कशाला?" ते म्हणाले. "मगर दिसली नसती तर घाबरायचं. दिसतेय ना समोर? खाडीत मगर किती? एक. ती एक कुठं आहे? बांधावर. मग पाण्यात काय उरलं? पाणी! ओहोटी लागली की खुशाल निघा."

हिशेब इतका सरळ होता, की सगळ्यांनी माना डोलावल्या. पाणकोंबडीनेही डोलावली. भीती वाटत होती, पण ती बांधावरच्या मगरीची. पाण्याची भीती त्या दिवशी तिलाही वाटली नाही, हे सांगायला हवे.

ओहोटी लागताच पहिल्यांदा घूस निघाली. तिची पिल्ले तिच्या शेपटीला धरून चालली होती. ती सारी बांधाच्या पायथ्याशी पाण्यात उतरली, तिवराच्या झुडपांना वळसा घालून दिसेनाशी झाली. इकडे सगळे कान टवकारून बसले. हाक आली नाही. ओहोटी संपली, भरतीचे पाणी चढू लागले, तरी हाक आली नाही.

"वारा उलटा आहे," बगळा म्हणाला. "आवाज इकडे पोचत नाही."

"आणि लेकुरवाळी ती," आजोबा म्हणाले. "दमून झोपली असेल."

सगळ्यांना हे पटले. खरे तर पटवून घेतले. मनात पाल चुकचुकली की तिला हाकलायला असले काहीतरी बोलावे लागते. पाणकोंबडीने वाऱ्याकडे चोच केली. वारा पलीकडूनच इकडे येत होता, लव्हाळी सगळी तळ्याकडे वाकली होती. पण तिचे बोलणे कुणी मनावर घेत नसे.

पुढच्या ओहोटीला आजोबांचे दोन तरणेताठे पुतणे गेले. घट्ट पाठीचे, दणकट पोहणारे. त्यांचीही हाक आली नाही. "आजकालच्या पोरांना कुठली आलीय रीतभात," आजोबा म्हणाले. पण हे बोलताना त्यांचा आवाज चिरकला, आणि मग बराच वेळ त्यांनी मान पाठीच्या ढालीतून बाहेर काढली नाही.

इकडे तळे झपाट्याने उतरत होते. लव्हाळ्याच्या मुळ्या उघड्या पडल्या. पाणकोंबडीचे घरटे, जे पाण्याने वेढलेले म्हणून सुरक्षित असायचे, ते आता चिखलात उघड्यावर उभे होते. आकाशात घारी घिरट्या घालू लागल्या. एके दुपारी एक घार इतकी खाली आली, की तिच्या नख्यांचा वारा पिल्लांच्या डोक्यावरून गेला. पाणकोंबडीने पिल्लांवर अंग टाकले म्हणून ती वाचली. पिल्ले पंखाखाली थरथरत होती आणि वर आईही थरथरत होती. आता राहून चालणार नव्हते आणि जायचे म्हटले तरी छाती होत नव्हती.

या सगळ्यात तिची नजर मात्र बांधावरून हटली नव्हती. तिची खोडच ती. बाकीचे बांधाकडे पाठ करून बसले होते, ही पिल्लांना पोटाखाली घेऊन त्या मगरीकडे बघत बसे. आणि बघता बघता तिला काही गोष्टी खटकू लागल्या. दुपारचे ऊन टळटळीत झाले तरी मगर पाण्यात उतरत नव्हती. भरतीच्या लाटा शेपटीवर आपटत, तरी शेपटी हालत नव्हती. एक धोबी पक्षी येऊन खुशाल तिच्या कपाळावर शेपूट नाचवत बसला आणि उडून गेला. मग एक कुर्ली, म्हणजे खाडीतला खेकडा, त्या उघड्या जबड्यातून तिरकी तिरकी बाहेर आली, इकडे तिकडे हिंडली आणि परत आत गेली. घरात शिरावे तशी.

पाणकोंबडी धावत आजोबांकडे गेली. "आजोबा, त्या मगरीचं काहीतरी वेगळंच आहे हो. कुर्ली तिच्या तोंडातून आत-बाहेर करतेय."

"मगर तोंड वासूनच पडते. कुर्लीला काय अक्कल असते?"

"पण ती पाण्यात जातच नाही!"

"बरंच आहे की! आपल्याला तेच हवंय ना?"

"आजोबा, तुम्ही तिला नीट जवळून बघितलंत का?"

आजोबांनी तिच्याकडे असे पाहिले, जणू तिने त्यांना उडायला सांगितले होते. "जवळून? मगरीला? अगं, एवढं वय झालं माझं ते मगरीला जवळून बघून नाही झालं. ते जाऊ दे. आता राहिलेल्या सगळ्यांना मी स्वतः घेऊन जाणार आहे. आजच्याच ओहोटीला. तू आणि तुझी पिल्लं माझ्या मागोमाग. मी पुढं असताना भ्यायचं काय?"

तळ्यात आता उरले होते कोण? आजोबा, सगळे निघेपर्यंत न उडणारा पहारेकरी बगळा, पाणउंदरांची दोन-तीन कुटुंबे, काही छोटी कासवे आणि पाणकोंबडीचा परिवार. सगळे बांधाच्या पायथ्याशी येऊन गोळा झाले. ओहोटी लागली. पाणी मागे सरू लागले, चिखलावर बुडबुडे फुटू लागले. घुशीची पिल्ले पाणकोंबडीच्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

"आजोबा, जरासं थांबा," ती काकुळतीला आली. "मी एकदा वर जाऊन बघून येते."

"वेड लागलंय का तुला? आणि तू येईपर्यंत ओहोटी थांबणार आहे?"

"थांबा हो. एवढं माझं ऐका." तिने पिल्लांना एका दगडाच्या आडोशाला बसवले. "मी हाक मारेपर्यंत इथून हालायचं नाही," असे बजावले आणि ती बांध चढू लागली.

मुलांनो, शूर प्राणी मगरीकडे चालत गेला तर त्याची गोष्ट सांगण्यात काय मोठेसे? ही पाणकोंबडी होती. एक पाय पुढे पडे आणि दुसरा तिथेच चिकटून राही. बांधाच्या माथ्यावर आली तेव्हा तिला मगरीचे दात दिसले, पांढरे, एका रांगेत. डोळा दिसला. डोळा तिच्याकडेच रोखलेला होता आणि लवत नव्हता. मागे फिरावे तर पाठ मगरीकडे होणार, आणि पाठ करायची तर तिची मुळीच हिंमत नव्हती. म्हणून ती पुढेच गेली. भीतीनेच तिला पुढे ढकलले म्हणा ना!

जवळ आल्यावर तिला वास आला. मगरीला मासळीचा, कुजक्या मांसाचा वास येतो. इथे ओल्या मातीचा आणि धुपाचा वास होता. मगरीच्या कपाळावर एक सुकलेले झेंडूचे फूल होते. पाणकोंबडीने जीव मुठीत धरला, डोळे मात्र उघडे ठेवले आणि शेपटीवर चोच मारली.

चोचीला माती लागली.

तिने पुन्हा चोच मारली. शेपटीचे एक ढेकूळ सुटून बांधावरून गडगडत गेले. दात होते माडाच्या झावळीच्या काड्यांचे. डोळे होते शिंपल्यांचे आणि पाठीवरचे चमकणारे खवलेही शिंपल्यांचेच. त्या मुलखातली माणसे बांध सुखरूप राहावा म्हणून मातीची मगर करून तिची पूजा करतात. एरवी ती कुठल्याशा लांबच्या बांधावर करीत. यंदा हा बांध नवा घातला म्हणून इथे केली होती. पाणकोंबडीला यातले काही ठाऊक नव्हते. तिला एवढेच कळले, की आपण सगळे ज्या मगरीला भिऊन गाळात रुतून बसलो होतो, ती चिखलाचा गोळा आहे. तिला हसू आले. छातीवरचा धोंडा उतरला. "मातीची!" ती स्वतःशीच म्हणाली. "अगं बाई, मातीची!"

आणि हसता हसता तिच्या अंगावर सरसरून काटा आला. ही जर मातीची, तर खरी कुठे आहे?

घूस गेली. पुतणे गेले. हाक आली नाही. तिने बांधाखाली पाहिले. आजोबांना धीर निघाला नव्हता. ओहोटी वाया जाईल म्हणून ते पाण्यात उतरले होते आणि संथपणे पोहत निघाले होते. "चला, चला, माझ्या मागून!" म्हणत होते. आईने बजावले होते, तरी पिल्लेच ती. मोठे कुणी पुढे गेले म्हटल्यावर तीही मागोमाग पाण्यात उतरली होती, रांगेत, काळी काळी बोंडे. आणि तिवराच्या सावलीतून एक ओंडका त्यांच्याकडे येत होता. ओहोटीचे पाणी समुद्राकडे वाहत होते. ओंडका त्याच्या उलट, तळ्याकडे येत होता.

"मागे फिरा!" पाणकोंबडी किंचाळली. तळ्यात तिचा एवढा मोठा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. "पिल्लांनो, मागे! मगर पाण्यात आहे!"

आजोबांनी मान वर केली. "अगं, मगर तर तुझ्याशेजारी..." एवढेच ते बोलले. ओंडक्याचे तोंड उघडले. कडकन आवाज झाला. ज्या पाठीच्या भरवशावर ते इतकी वर्षे जगले होते ती पाठ एका चाव्यात फुटली, आणि पाण्यावर नुसता फेस उरला.

पिल्ले चिवचिवत काठाकडे वळली. एक धाकटे मागे राहिले. भेदरून ते गोल गोल फिरत होते, काठ कुठल्या बाजूला आहे हेच त्याला उमजत नव्हते. मगरीने तोंड फिरवले. तेवढ्यात वरून पाणकोंबडी येऊन तिच्या नाकासमोर पाण्यावर आदळली. एक पंख मोडल्यासारखा तिरका धरून, तडफडत, ओरडत ती पिल्लापासून दूर दूर सरकू लागली. मगरीला मोठा घास दिसला. ती त्याच्या मागे वळली, झेपावली आणि पाणकोंबडी उडाली. शेपटीची पिसे मगरीच्या दातांत राहिली. धाकटे तोवर चिखलात पोचून भावंडांच्या खाली घुसले होते.

मगर काठापासून थोडी मागे सरली. तिला घाई नव्हती. "इतकी वर्षं तुम्ही मला बांधावर बघायचात, तेव्हा मी उपाशी राहायचे," ती म्हणाली. "यंदा कुणीतरी माझ्या जागी दुसरी आणून निजवली. ती वर पडते, मी खाली जेवते. तुम्ही सगळे तिच्याकडे पाठ करून बसलात, पण पाण्याकडे कुणी बघितलंच नाही." आणि ती पाण्याखाली गेली. पाणी पुन्हा पहिल्यासारखे सपाट झाले. त्या सपाट पाण्याकडे बघताना सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

"आता?" पाणउंदरांनी विचारले. बगळ्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"बांधावरून जायचं," पाणकोंबडी धापा टाकत म्हणाली.

"पण तिथं ती आहे ना!"

"मातीची आहे. मी चोच मारून बघितलंय. ही बघा माती."

त्यांनी तिच्या चोचीवरची माती बघितली. वास घेतला. आणि तरीही त्यांचे पाय उचलेनात. "मातीची असली म्हणून काय झालं?" एक म्हातारा पाणउंदीर पुटपुटला. "मगर ती मगर."

पाणकोंबडी त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. तिने पिल्लांना पुढे घातले आणि बांध चढला. मातीच्या जबड्यापाशी पिल्ले थबकली. तेव्हा ती स्वतः त्या मगरीच्या पाठीवर चढून उभी राहिली. "या. माझ्या पायाखालून जा," ती म्हणाली. पिल्ले शिंपल्यांवरून घसरत, पडत पलीकडे गेली. ते पाहून छोटी कासवे आणि बरेचसे पाणउंदीर निघाले. बहुतेकांनी डोळे घट्ट मिटूनच ती पाठ ओलांडली. म्हातारा उंदीर आणि आणखी काहीजण मात्र परत गाळात गेले. त्यांचे पुढे काय झाले ते मी सांगत नाही. घारी रोज येत होत्या, एवढे तुम्हाला ठाऊक आहे.

वरच्या तळ्यावर सगळे पोचले. पाणी गार होते, कमळाची पाने होती, आणि कितीतरी वेळाने सगळ्यांनी पोटभर खाल्ले. पोटात अन्न गेल्यावर बगळ्याला कंठ फुटला. तो एका दगडावर एका पायावर उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "ऐका हो ऐका! जुनी रीत चुकीची ठरली. कासवआजोबा तिच्यापायी गेले. आजपासून नवी रीत. बांधावर जी मगर दिसते ती मातीची असते. ती दिसली की पुढच्या वर्षी बेलाशक बांधावरून जायचं!"

"बरोबर! बरोबर!" सगळे ओरडले. एक छोटे कासव तर म्हणाले, "मी तिच्या पाठीवर बसून दाखवीन."

पाणकोंबडी कमळाच्या पानावर उभी होती. मगर पाण्यातून वर आली होती तेव्हा ती जितकी भ्याली होती, त्याहून आता जास्त भ्याली. पाऊस येईल. बांधावरची माती विरघळून वाहून जाईल. शिंपले खाडीत पडतील. मग एके सकाळी ऊन खायला खरी मगर त्याच जागेवर येऊन पडेल, जबडा उघडा टाकून, आणि ही पोरे हसत हसत तिच्या पाठीवर चढायला जातील.

"अहो, दर वेळी बघावं लागतं!" ती ओरडली. "दर वेळी नव्यानं, नीट बघावं लागतं!"

"पुरे हो पाणकोंबडीबाई," बगळा म्हणाला, "आता भ्यायचे दिवस गेले." आणि सगळे हसले. पिल्ले मात्र हसली नाहीत. ती आईला बिलगली आणि ती बघत होती त्या दिशेला, खाली बांधाकडे, बघत राहिली.

तात्पर्य : भीतीने डोळे मिटले तर संकट कुठे आहे ते दिसत नाही, आणि भीती गेली म्हणून डोळे मिटले तरीही दिसत नाही; कालची रीत आजच्या डोळ्यांची जागा घेऊ शकत नाही.